अडीच फुटांचं पाऊल

एक एप्रिलला सकाळी दहा वाजता आमच्या ग्रामपंचायतीत दर वर्षी एक नाटक होत असे. पात्रं दोन, नट एक, प्रेक्षक मी.

चाचा आधी टेबलाच्या बाहेरच्या बाजूला येऊन उभे राहायचे. टोपी हातात, अंग जरा चोरलेलं, गरीब माणूस कचेरीत उभा राहतो तसे. "साहेब, माही घरपट्टी घ्या," असं रिकाम्या खुर्चीला सांगायचे. मग टेबलाला वळसा घालून त्याच खुर्चीत बसायचे, टोपी घालायचे, चष्मा लावायचे आणि समोरच्या रिकाम्या जागेला दरडावून विचारायचे, "मागची बाकी?" की पुन्हा उठून बाहेर. टोपी काढून, "नाई साहेब." पुन्हा आत. पावती फाडायची, टेबलावरून पलीकडे सरकवायची आणि आपणच जाऊन उचलायची. खुर्चीतले चाचा उभ्या चाचांना बजावायचे, "सांभाळून ठेवजा." उभे चाचा मान डोलवायचे आणि पावतीची घडी टोपीत ठेवायचे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पोट धरून हसलो. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "सालातून एकदा टेबलाच्या तिकून उभं राहून पाहाव लागते बाबू. तिकून टेबल लय मोठा दिसते."

बडनेऱ्यापासून आठ-दहा किलोमीटरवरचं आमचं गाव. मी तेव्हा तिशीत होतो आणि पंचायतीत संगणकावर दाखले काढून देण्याचं काम करत होतो. म्हणून मी 'बाबू'. चाचा वसुलीचे. कागदावर ते शिपाई होते, पण नळाचा व्हॉल्व्ह तेच सोडत, दिवे तेच लावत, भोंग्यावरून सूचना तेच देत आणि घरपट्टी-पाणीपट्टीही तेच गोळा करत. त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी माणसंही त्यांना चाचाच म्हणत. खरं नाव मला पगारपत्रकावरून कळलं होतं, पण ते नाव घेऊन हाक मारली असती तर त्यांनी मागे वळून दुसराच कोणी आलाय का ते पाहिलं असतं.

त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. हा त्यांचा दावा नव्हता, गावाचं मत होतं. एकदा रस्त्याच्या कामाला अमरावतीहून इंजिनिअर आला. त्याची टेप धरायला दोन माणसं, आणि मागून चाचा, हात पाठीशी बांधून, फिरायला निघाल्यासारखे. शेवटाला इंजिनिअरने आकडा सांगितला. चाचांनी त्यांचा सांगितला. दोन हातांचा फरक. इंजिनिअर हसला. चाचा परत चालत गेले आणि बाभळीच्या फांदीत अडकून वाकडी झालेली टेप त्यांनी सोडवून दाखवली. त्या दिवसापासून पंचायतीची लोखंडी टेप कपाटात पडली आणि गावातली घरं, गोठे, शेड सगळं चाचांच्या चपलांनी मोजलं जाऊ लागलं. दर चार वर्षांनी आकारणी व्हायची, म्हणजे कोणाचं घर किती मोठं आणि कशाचं, हे नव्याने लिहून त्यावर कर ठरायचा. तेव्हा चाचा गल्लीतून असे चालत की पोरं बाजूला होत. मध्ये कोणी बोलायचं नाही, पावलं चुकतात.

या कामात त्यांचा एकच कायदा होता. "डोयासमोर उभं असंन थे लिहाचं. कोन काय सांगते थे लिहाचं नाई." कारण सांगणारे फार. कोणी म्हणे ही खोली बकऱ्यांची आहे, कोणी म्हणे ही भिंत शेजाऱ्याची. एकाने पक्क्या माडीला कडब्याची गंजी म्हणून दाखवायचा प्रयत्न केला होता. चाचा त्या गंजीवर जिना चढून गेले.

आणि पाण्याची गोष्ट. ज्याच्याकडे कर थकलेला, त्याच्या घरचं पाणी चाचा पीत नसत. मनात वाईट काही नसायचं. "पानी पेलं का मंग मले मांगता येत नाई," असं ते म्हणत. पण परिणाम भलताच झाला. भर उन्हात चाचा कोणाच्या ओट्यावर कोरड्या तोंडाने बसलेले दिसले की गल्लीला समजायचं, इथे बाकी आहे. बायका तांब्या घेऊन मागे लागत, "चाचा, घोटभर तरी घ्या," आणि चाचा जीभ टाळूला चिकटलेली असूनही मान हलवत. एका बाईने तर नुसतं त्यांना पाणी पाजता यावं म्हणून कानातलं मोडून पाणीपट्टी भरली, असं माझी आई सांगायची. आईच्या गोष्टीतून चार आणे वजा करावे लागतात, पण बारा आणे खरे असतात.

एकदा वरून हुकूम आला, थकबाकीदारांची नावं भोंग्यावरून वाचा. चाचांनी माईक हातात घेतला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाचलं, "ज्याच्या दारात लिंबाचं झाड हाये, त्यानं बाकी भरावी. ज्याच्या घरी म्हातारी खोकलते, त्यानं बाकी भरावी." आमच्या गावात लिंब नाही असं दार नाही आणि खोकणारी म्हातारी नाही असं घर नाही. त्या आठवड्यात वसुली चांगली झाली, ज्यांची बाकी नव्हती तेही विचारायला आले. ग्रामसेवक साहेबांनी जाब विचारला तेव्हा चाचा म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला, नावं दिसत नाहीत.

तर असे हे चाचा. आणि मी आता सांगतो ती जुलै महिन्यातली गोष्ट, त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष.

शुक्रवारी दुपारी द्वारकाबाई पंचायतीत आल्या. सोबत धाकटी मुलगी पूनम. द्वारकाबाई फुलवाली. नवरा-बायको दुसऱ्याच्या विहिरीजवळची दहा गुंठे जमीन मक्त्याने करायचे, गलांडा आणि निशिगंध लावायचे. ती रात्री हार गुंफायची, तो पहाटे टोपली घेऊन बडनेऱ्याला जायचा आणि स्टेशनबाहेर विकायचा. पूनम बारावी झाली होती. अमरावतीला नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं आणि सोमवारी कागदपत्रांची तपासणी होती. बाकी सगळे कागद झाले होते. पंचायतीचा रहिवासी दाखला आणि घरपट्टी भरल्याची पावती, एवढंच राहिलं होतं. सोमवारी हे दोन कागद नसले की जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

दाखल्याची फी वीस रुपये. लोक म्हणतात, वीस रुपये काय मोठे. त्यांनी कधी दाखला काढलेला नसतो. अर्जाची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, फोटो, आणि साहेब आज आले नाहीत म्हणून उद्या, लाइन गेली म्हणून परवा. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी किंवा एका दिवसाची फुलं. वीस रुपयांच्या त्या कागदामागे पाचशे रुपये चालत येतात, आणि त्यांची पावती कोणी देत नाही.

पण द्वारकाबाईंची अडचण त्याहून मोठी होती. त्यांची दोन वर्षांची घरपट्टी थकली होती. दंडासकट साडेतीन हजारांच्या वर. ग्रामसेवक साहेब म्हणाले ते नियमाला धरूनच म्हणाले, की आधी बाकी पूर्ण भरा, मग दाखला. त्यांनाही वरून वसुलीचा तगादा होता. द्वारकाबाईंनी पदराची गाठ सोडून बाराशे रुपये टेबलावर ठेवले, बाकीचे दसऱ्याला देते म्हणाल्या. दसऱ्याला फुलं सोन्याच्या भावाने जातात. साहेबांनी पैसे परत सरकवले आणि अमरावतीची बस गाठायला निघून गेले.

पूनम गेली नाही. ती माझ्या टेबलाशी आली.

"दादा, आमाले येवढी पट्टी कावून? शेजारच्या काकूले पाचशे बी नाई. तिचं घर आमच्याहून मोठं हाये."

आता खरं सांगायचं तर हा प्रश्न मला चार वर्षांत कोणी विचारला नव्हता. घरपट्टीच्या बिलावर एकच आकडा असतो. तो कशाकशाचा, ते पंचायतीच्या रजिस्टरात आणि माझ्या संगणकात. मी त्यांचं पान उघडलं आणि वाचलं. मातीच्या भिंतींचं कौलारू घर, इतके फूट. त्याखाली, पत्र्याचं शेड, तीस बाय वीस.

"आमच्या घरी शेड नाई," पूनम म्हणाली.

कोपऱ्यात चाचा पावतीपुस्तकाला दोरा बांधत बसले होते. दोरा तसाच राहिला.

"हाये," ते म्हणाले. "मी मोजलं."

"नाई ना चाचा."

"पोरी, मी मोजलं म्हंजे हाये."

त्यांच्या आवाजात चढ नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगताना कोण आवाज चढवतं? मी मोजणीची तारीख कागदावर लिहून घेतली आणि द्वारकाबाईंसह आम्ही चौघं उन्हात निघालो. पुढे चाचा, शेड दाखवायला.

द्वारकाबाईंच्या अंगणात एका कोपऱ्याला चूल होती, दोरीवर लुगडं वाळत होतं, मध्ये गोणपाटावर गलांड्याचा ढीग पडला होता आणि वर आभाळ होतं. चाचा दारात थांबले. या अंगणात ते वसुलीला वर्षातून चारदा येत, पण हातात बिल असायचं आणि बिलावर तो एकच आकडा. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग चपला नीट पायात सरकवून ते चालू लागले. आम्ही श्वास रोखून उभे. फुलांच्या ढिगाला वळसा घालताना त्यांनी मनातल्या मनात काहीतरी वजाबाकी केली. लांबी बारा पावलं. रुंदी आठ पावलं. तीस बाय वीस, बरोब्बर. आणि त्यांचा चेहरा खुलला. पाऊल चुकलं नव्हतं. तो आनंद तोंडावर चांगला चार क्षण राहिला. मग त्यांनी वर पाहिलं.

मी तारीख वाचून दाखवली.

"थे त आमच्या ज्योतीच्या हयदीचा दिवस," द्वारकाबाई म्हणाल्या. ज्योती म्हणजे त्यांची थोरली.

मे महिना होता. वऱ्हाडातला मे. कापडी मांडवाखाली पंगत करपली असती, म्हणून त्यांनी बडनेऱ्याहून लोखंडी खांब आणि पत्रे भाड्याने आणून मांडव घातला होता. तीन दिवसांसाठी. पोरीच्या लग्नाच्या निमित्ताने अंगणात कायमचं शेड टाकून घेणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. चाचांची त्या गल्लीची तारीख नेमकी त्या दिवशी आली. त्यांनी उभं होतं ते पाहिलं, पावलं टाकली, लिहिलं आणि मग हात धुऊन पंगतीत बसले.

चाचा चुलीजवळच्या पाटावर बसले.

"वांग्याची भाजी होती," ते म्हणाले. "अन् रोडगे. मी दोनदा मांगून घेतली." मग द्वारकाबाईंकडे न बघता, "चार साल झाले बाई. मले बोलली कावून नाई?"

"मले काय माईत चाचा, थे पैसे कायचे हायेत त? सरकारनं लावले असतीन म्हटलं. सगळ्यायचेच वाढले होते त्या साली."

पहिली दोन वर्षं त्यांनी तो आकडा भरलाही होता. भाड्याचे पत्रे बडनेऱ्याला परत गेले, ज्योती सासरी गेली, तिला मूल झालं, आणि द्वारकाबाई हार गुंफून गुंफून त्या मांडवाची पट्टी भरत होत्या.

चाचा म्हणाले, "पानी दे वं पोरी."

पूनमने तांब्या आणला. द्वारकाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या खाली बसल्या. चाचांनी तांब्या संपवला आणि आणखी मागितलं. गल्लीतल्या दोन बाया कुंपणाशी येऊन ठेपल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं. कागद बदलायच्या आधीच गावाला निकाल कळला.

पण दाखला गावाच्या निकालावर मिळत नसतो. संध्याकाळी चाचांनी माझ्या फोनवरून ग्रामसेवक साहेबांना सगळं सांगितलं. मी फोन स्पीकरवर ठेवला, चोंबडेपणा माझा जुना. साहेब म्हणाले, हरकत घ्यायची मुदत होती, तेव्हा यादी भिंतीवर लावली होती, तेव्हा कोणी बोललं नाही. आता दुरुस्ती मासिक सभेत, आणि सभा पुढच्या महिन्यात. चाचा म्हणाले, पोरीची तारीख सोमवारची आहे. साहेबांनी मग आवाज खाली आणला. आणि मला वाटतं, ते मनापासूनच बोलले.

"चाचा, तुमचे सहा महिने राहिले. एकदा तुम्ही चुकलो म्हणाले, की उद्या अख्खं गाव रांगेत उभं राहील. माझं मोजा, माझं मोजा. तुमची चाळीस वर्षांची मोजणी खोटी ठरंल."

चाचा म्हणाले, "मंग उभं राहू द्या रांगेत."

साहेबांनी सुस्कारा टाकला. म्हणाले, सरपंचबाई तातडीची सभा बोलवत असतील तर रविवारी येतो. पण शेड कायमचं नव्हतं, हे प्रत्यक्ष पाहिलेले पाच पंच आणा. सह्या पाहिजेत.

शनिवारी सकाळी भोंगा वाजला. नळाची सूचना असेल म्हणून बायकांनी हंडे उचलले.

"ऐका हो," चाचांचा आवाज गावावरून गेला. "द्वारकाबाईच्या थोरल्या पोरीच्या हयदीले, पत्र्याच्या मांडोत ज्यायनं ज्यायनं जेवन केलं, त्यायनं पंचायतीत या. त्या मांडोवर चार साल घरपट्टी लागली. मोजनारा मी होतो. चूक माही हाये."

भोंगा बंद झाला. आणि मग थोड्या वेळाने पुन्हा खरखरला. "जेवले अन् इसरले, त्यायनंबी या."

पाच पंच पाहिजे होते, दुपारपर्यंत साठ माणसं आली. प्रत्येकाला मांडव आठवत होता, कारण प्रत्येकाला भाजी आठवत होती. कोणी मीठ जास्त होतं म्हणालं, त्यावरून वाद झाला. एका म्हातारबांनी आपल्याला तेव्हा बुंदी मिळाली नव्हती अशी तक्रार माझ्याकडे नोंदवायला सांगितली. रविवारी सभेला साहेब आले, सरपंचबाई आल्या, सदस्य आले. चाचांनी पंचनामा पुढे ठेवला आणि नम्रपणे सांगितलं, की सभेतले सगळेच त्या पंगतीला होते. सरपंचबाईंनी तर हळद लावली होती. साहेब पेन हातात घेऊन थांबले, तेव्हा चाचा त्यांच्या कानाशी वाकले, पण कुजबुज आम्हा सगळ्यांना ऐकू आली. "साहेब, तुमी खांबाले टेकून बसले होते. खांब तुमाले आठवत असंन." साहेबांनी सही केली. त्यांना हसू आवरलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो.

शेड वजा केल्यावर हिशेब उलटा झाला. दोन वर्षं भरलेल्या जास्तीच्या पैशांत चारही वर्षांची पट्टी बसली आणि थोडे पैसे द्वारकाबाईंचेच पंचायतीकडे निघाले. चाचांनी घरपट्टी भरल्याची पावती फाडली आणि मी दाखला छापला. द्वारकाबाईंनी तो घ्यायला हात पुढे केला, तर चाचांनी कागदावर बोट ठेवलं.

"ईस रुपये."

"चाचा, आता?" मी म्हणालो.

"दाखल्याची फी हाये. थे खरी हाये."

द्वारकाबाईंनी वीस रुपये दिले आणि पावती मागून घेतली. पावती हातात आल्यावर त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "हे कायचे, वाचून दाखवा." चाचांनी वाचून दाखवलं.

सोमवारी पहिल्या बसने मायलेकी अमरावतीला गेल्या. पूनम आज अचलपूरच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे.

आणि मंगळवारी पंचायतीसमोर रांग लागली. साहेब बोलले होते तशीच, अगदी तशीच. चाचांनी कपाटातली लोखंडी टेप काढली, तिला गोडतेल लावलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. पुढचा दीड महिना, कचेरीची वेळ संपल्यावर, आम्ही गाव मोजत फिरलो. पाऊल त्यांनी बंद केलं. टेपकडे ते अशा नजरेने बघत, जशी सासू नव्या सुनेच्या पोळीकडे बघते. काही घरं लहान निघाली. त्यातली बरीचशी मातीची होती, आणि त्यांच्या मालकांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. काही मोठी निघाली, तेव्हा रांगेतली उत्साही माणसं एकेक करून कमी होत गेली. एकजण तर, माझं राहू द्या चाचा, माझा तुमच्यावर विश्वास आहे, असं म्हणून दार लावून बसला. चाचांनी खिडकीतून मोजलं.

शेवटी आमची गल्ली आली, आणि गल्लीत शेवटी आमचं घर.

आमच्या घराला पुढे स्लॅबची ओसरी आहे, खाली फरशी. माझ्या वडिलांनी ती आकारणी आटोपल्यावर दोन महिन्यांनी बांधली. तसं मुद्दामच थांबले होते. संगणक माझ्या हाताखाली होता, आमचं पान मी किती वेळा उघडून पाहिलं होतं, आणि ओसरी त्यात नव्हती. मला ते ठाऊक होतं. वडील ओसरीवरच बसले होते. आई चहा टाकायला आत गेली.

मी टेपचं टोक भिंतीला धरलं. चाचा पलीकडे वाकले.

"बावीस बाय दहा. स्लॅब."

वही माझ्या काखेत होती. मी ती काढली नाही. वडील खाकरले. चाचांनी टेप हळूहळू गुंडाळली, घाई न करता, आणि माझ्याजवळ आले.

"त्या दिवशी द्वारकाबाईचं पान वाचलं तू. तुह्या घरचंबी वाचलं असंन कधी."

"वाचलंय."

"मंग लिही."

मी वही उघडली आणि लिहिलं. अक्षर जरा बारीक आलं. चाचांनी वही माझ्या हातातून घेतली, डोळ्यांपासून लांब धरून पाहिली आणि परत दिली.

"मोठं लिही बाबू. भिंतीवर लावाचं हाये. लोकायले वाचता आलं पाह्यजे."